जीन डोनोव्हन: निघून जाता येत असताना थांबलेली मुलगी



आज आम्ही तुम्हाला एका लांबच्या देशातली गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट खरी आहे आणि ती फार जुनी नाही. आपल्यातल्या ज्या बायका आज साठीच्या पुढे आहेत, त्या तेव्हा लग्नाच्या वयाच्या होत्या. गोष्ट आहे जीन डोनोव्हन नावाच्या एका अमेरिकन मुलीची. २ डिसेंबर १९८० या दिवशी एल साल्वादोर नावाच्या देशात तिला मारून टाकलं. तेव्हा तिचं वय होतं फक्त २७. तिच्याबरोबर आणखी तिघींना मारलं. त्या तिघी सिस्टर होत्या, म्हणजे चर्चच्या धर्मभगिनी.

जीन मिशनरी होती. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक मिरजेच्या मिशन दवाखान्यासारखं, जिथे आपल्या आज्या-पणज्या उपचाराला गेल्या. दुसरं धर्म बदलायला आलेल्या परदेशी माणसाचं. जीनची गोष्ट ऐकताना ही दोन्ही चित्रं जरा बाजूला ठेवू या. ती डॉक्टर नव्हती. ती धर्म बदलायलाही गेली नव्हती, कारण एल साल्वादोरचे बहुतेक सगळे लोक आधीपासूनच कॅथलिक ख्रिस्ती होते. जीन कॅथलिक होती, तिला मारणारे शिपाईही त्याच धर्माच्या देशात वाढलेले होते. मग तिला मारलं कशासाठी? तेच आज समजून घ्यायचं आहे.

आधी थोडं तिच्या घराविषयी.

जीनचा जन्म १० एप्रिल १९५३ चा. अमेरिकेत कनेक्टिकट नावाचं राज्य आहे, तिथल्या वेस्टपोर्ट या गावात ती वाढली. घर खाऊनपिऊन सुखी. वडील इंजिनियर, हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. एक मोठा भाऊ. जीन मोठ्याने हसणारी, गप्पिष्ट, मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात रमणारी. मोटारसायकल चालवायची. पार्टीला जायची. देवाधर्माची पुस्तकं घेऊन कोपऱ्यात बसणाऱ्यातली ती मुळीच नव्हती.

कॉलेजात असताना ती एक वर्ष आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात शिकायला गेली. तिथे तिची भेट फादर मायकल क्राउली यांच्याशी झाली. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात गरिबांमध्ये अनेक वर्षं काम करून ते परतले होते. त्यांच्याकडून जीनने पहिल्यांदा ऐकलं की जगात अशीही गावं आहेत जिथे जमीन भरपूर पिकते आणि पिकवणाऱ्याची पोरं उपाशी निजतात. ते तिच्या मनात राहिलं.

परत आल्यावर तिने व्यवस्थापनाची मोठी पदवी घेतली. क्लीव्हलँड शहरात आर्थर अँडरसन या हिशेब तपासणाऱ्या नामांकित कंपनीत तिला चांगल्या पगाराची नोकरी लागली. तिथून ती सरळ वर चढत गेली असती. घर, गाडी, परदेशवाऱ्या, सगळं समोर दिसत होतं. एका तरुण डॉक्टरवर तिचा जीव होता. त्याच्याशी लग्नाचा विचारही होता.

त्याच काळात क्लीव्हलँडच्या चर्चची एक तुकडी एल साल्वादोरमध्ये काम करत होती. तिथे सिस्टर आणि फादर यांच्याबरोबर साधे, संसारी लोकही दोन-चार वर्षांसाठी जाऊ शकत होते. त्यांना व्रत घ्यावं लागत नसे, वेगळा पोशाख नसे. जीनने नाव दिलं. घरच्यांना आणि मैत्रिणींना नवल वाटलं. ती म्हणे तो निर्णय तिलाही पुरता उलगडलेला नव्हता. आपण हे का करतोय, असं ती स्वतःलाच विचारत असे. पण तिने प्रशिक्षण घेतलं, स्पॅनिश भाषा शिकली आणि १९७९ साली ती तिथे पोहोचली.

आता हा देश कसा आहे ते बघू. उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारा जो चिंचोळा पट्टा आहे, त्यात एल साल्वादोर आहे. देश चिमुकला, जेमतेम २१ हजार चौरस किलोमीटरचा. आपला एकटा अहिल्यानगर जिल्हा १७ हजारांचा आहे, त्यावरून अंदाज करा. देशाच्या नावाचा अर्थ 'तारणहार'.

जमीन ज्वालामुखीच्या राखेची, अतिशय कसदार. तिथे कॉफी उत्तम होते. पण कॉफीची चांगली जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात होती. लोक त्यांना 'चौदा घराणी' म्हणत. बाकीचे शेतमजूर. कॉफीच्या तोडणीचे काही महिने काम, मग हात रिकामे. तोडणीला नवरा-बायको-पोरं सगळी राबत. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे फार समजावून सांगायला नको.

१९३२ साली तिथल्या शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा सैन्याने हजारो लोक मारले. त्यानंतर पन्नास वर्षं देशावर बहुतेक लष्करी अधिकाऱ्यांचंच राज्य राहिलं. मजुरांनी संघटना केली, मजुरी वाढवून मागितली, शिक्षकांनी मोर्चा काढला, की रात्री माणूस उचलला जाई. सकाळी रस्त्याच्या कडेला प्रेत सापडे. कधी तेही सापडत नसे. उलट बाजूला काही गट बंदुका घेऊन डोंगरात शिरले होते. १९८० पासून तिथे उघड यादवी युद्ध पेटलं आणि ते १२ वर्षं चाललं.

या सगळ्यात एक माणूस गरिबांच्या बाजूने बोलत होता. राजधानीचे आर्चबिशप, म्हणजे तिथल्या चर्चचे प्रमुख, ऑस्कर रोमेरो. रोमेरो यांची गोष्ट आपल्या रेडिओवर सांगायलाच हवी, कारण त्यांचं मोठं साधन रेडिओच होता. दर रविवारी त्यांचं प्रवचन चर्चच्या रेडिओ केंद्रावरून देशभर ऐकवलं जाई. त्यात ते त्या आठवड्यात कोणाला मारलं, कोणाला उचलून नेलं, ते नावानिशी सांगत. वर्तमानपत्रं जे छापत नसत, ते या रेडिओवर कळे. आपल्या मुलाचं नाव कोणीतरी मोठ्याने घेतलं, एवढाही आधार त्या आयांना वाटायचा. त्या केंद्रावर बाँब टाकले गेले. ते पुन्हा उभं केलं गेलं.

जीन या देशात ला लिबेर्ताद नावाच्या गावी राहू लागली. समुद्रकाठचं बंदर. नावाचा अर्थ 'स्वातंत्र्य'. तिच्याबरोबर काम करत होत्या सिस्टर डोरोथी केझल. त्याही क्लीव्हलँडच्याच, १९७४ पासून तिथे असलेल्या. दोघींची चांगली गट्टी जमली.

जीनचं काम काय होतं, ते ऐकून तुम्हाला आपल्या बचत गटाची आठवण येईल. ती हिशेब ठेवायची. कारितास ही चर्चची मदत पोचवणारी संस्था. तिच्यामार्फत आलेलं धान्य, दुधाची पावडर, औषधं कोणाला किती गेली, किती उरली, याची नोंद ती करायची. मोठ्या कंपनीत शिकलेली विद्या तिने इथे वापरली. त्याशिवाय गावोगाव जाऊन बायकांच्या बैठका घ्यायच्या, मुलांच्या आहाराविषयी बोलायचं, पोरांना शिकवायचं. रविवारी मिस्सा झाली, म्हणजे चर्चमधली प्रार्थना झाली, की ती घरी भाजलेली बिस्किटं आर्चबिशप रोमेरोंना नेऊन द्यायची.

मारामाऱ्या वाढल्या तशी गावं ओस पडू लागली. घरदार जळालेल्या बायका पोरांना घेऊन राजधानीच्या चर्चमध्ये आसरा घेऊ लागल्या. जीन आणि डोरोथी यांच्याकडे एक पांढरी व्हॅन होती. त्या व्हॅनमधून त्या दोघी शिधा पोचवत, आणि धोक्यात असलेल्या गावांतून बायका-मुलांना सुरक्षित जागी आणत. वाटेत शिपायांची नाकी. गाडी थांबे, आत टॉर्च मारला जाई. पुढच्या सीटवर दोन गोऱ्या, सोनेरी केसांच्या अमेरिकन बायका दिसत. शिपाई गाडी सोडून देत.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. अमेरिका तेव्हा एल साल्वादोरच्या सरकारला पैसा आणि लष्करी मदत देत होती. त्यामुळे अमेरिकन माणसाला हात लावायला शिपाई धजणार नाहीत, असं सगळ्यांनाच वाटे. जीनही मैत्रिणींना धीर देताना आपल्या सोनेरी केसांचाच दाखला द्यायची. तिची कातडी आणि तिचा पासपोर्ट ही तिची ढाल होती. गावातल्या बाईजवळ ती नव्हती. जीनने ती ढाल स्वतःपुरती वापरली नाही. गाडीच्या मागच्या सीटवर अंग चोरून बसलेल्या बायकांवर ती धरली.

१९८० साल सुरू झालं आणि ही ढाल किती पातळ आहे ते कळू लागलं.

२४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप रोमेरो एका कर्करोगाच्या रुग्णालयातल्या छोट्या चर्चमध्ये मिस्सा करत होते. तिथेच त्यांना गोळी घातली. आदल्याच दिवशी त्यांनी रेडिओवरून शिपायांना विनवलं होतं की आपल्याच भावाबहिणींवर गोळ्या झाडू नका. त्यांचं पार्थिव दर्शनाला ठेवलं तेव्हा जीन आणि डोरोथी यांनी पेटीजवळ पाळीपाळीने पहारा दिला. ३० मार्चला अंत्यविधी होता. चौकात हजारो लोक जमले होते. बाँब फुटला, गोळीबार झाला, चेंगराचेंगरी झाली, कित्येक माणसं मेली. लोक जीव वाचवायला चर्चमध्ये घुसले. त्या दाटीत जीनही होती.

जुलैमध्ये तिचे दोन जवळचे तरुण मित्र, त्याच गावचे, मारले गेले. त्या संध्याकाळी ते तिला घरापर्यंत पोचवून परत निघाले होते. ऑगस्टमध्ये सिस्टर कार्ला पिएत नदीच्या पुरात वाहून गेल्या. रात्रीच्या वेळी त्या एका माणसाला त्याच्या घरी सोडायला गेल्या होत्या. त्यांच्याबरोबर जीपमध्ये असलेल्या सिस्टर ईटा फोर्ड थोडक्यात वाचल्या. हे ईटा नाव लक्षात ठेवा.

जीन आता घाबरली होती. यात लपवण्यासारखं काही नाही. आपण शूर माणसांच्या गोष्टी सांगताना त्यांची भीती पुसून टाकतो, आणि मग ऐकणारीला वाटतं की हे आपल्याला जमणारं नाही. जीनला भीती वाटत होती, तिला लग्न करायचं होतं, पोरंबाळं हवी होती. सुटी घेऊन ती त्या शरद ऋतूत आयर्लंडला गेली, आपल्या माणसांना भेटली. परत जाऊ नकोस, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. ती परत गेली.

मरणाआधी साधारण दोन आठवडे तिने एका मैत्रिणीला पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा: इथली परदेशी माणसं एकेक करून निघून चालली आहेत, मीही जावं असं कितीदा तरी ठरवलं, पण ही लेकरं पाहिली की पाय निघत नाही, यांच्याजवळ कोण राहणार? तिथल्या बायकांना देश सोडून जायची सोय नव्हती. जीनला ती होती. विमानाचं तिकीट काढलं की झालं. ते माहीत असून ती थांबली.

१ डिसेंबर १९८० च्या रात्री जीन आणि डोरोथी राजधानीत अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट व्हाइट यांच्या घरी जेवायला होत्या आणि मुक्कामही तिथेच केला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी विमानतळावर गेल्या. शेजारच्या निकाराग्वा देशात एका बैठकीला गेलेल्या चार सिस्टर परतणार होत्या. दोघी दुपारच्या विमानाने आल्या, त्यांना नेऊन सोडलं. उरलेल्या दोघी संध्याकाळच्या विमानाने येणार होत्या, म्हणून जीन आणि डोरोथी पुन्हा विमानतळावर आल्या. या विमानातून उतरल्या ईटा फोर्ड, वय ४०, आणि मॉरा क्लार्क, वय ४९. चौघी पांढऱ्या व्हॅनमध्ये बसून निघाल्या.

विमानतळावर राष्ट्रीय गार्ड या निमलष्करी दलाचे लोक त्यांच्यावर नजर ठेवून होते. एका हवालदाराच्या हुकमावरून पाच जण साध्या कपड्यांत आले. त्यांनी व्हॅन अडवली, चौघींना एका आडवाटेच्या जागी नेलं, त्यांच्यावर अत्याचार केले आणि गोळ्या घातल्या. व्हॅन दुसरीकडे नेऊन जाळली.

सकाळी त्या भागातल्या शेतकऱ्यांना चार प्रेतं दिसली. स्थानिक अधिकाऱ्याने हुकूम दिला, अनोळखी म्हणून पुरून टाका. त्या शेतकऱ्यांना हे काम नवं नव्हतं. त्यांच्या शिवारात अशी बेवारस प्रेतं याआधीही सापडली होती. त्यांनी एकच खड्डा खणला, चौघींना एकावर एक ठेवून पुरलं. पण या वेळी ते गप्प बसले नाहीत. त्यांच्यातल्या कोणीतरी हिंमत करून गावच्या फादरना सांगितलं. तिथून निरोप राजधानीत पोचला. ४ डिसेंबरला राजदूत व्हाइट स्वतः तिथे आले, खड्डा उकरला आणि दोरांनी एकेक देह वर काढला. बाकीच्या सिस्टर त्या मातीत गुडघे टेकून प्रार्थना करत होत्या.

आम्हाला या गोष्टीत सर्वांत मोलाचा वाटतो तो हा शेतकरी. त्याच्याकडे कुठलाही पासपोर्ट नव्हता. बोलल्याचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याचाच खड्डा खणला गेला असता. तो बोलला म्हणून चौघी सापडल्या, नाहीतर त्याही 'बेपत्ता' या रकान्यात गेल्या असत्या.

ईटा आणि मॉरा यांना त्यांच्या संस्थेच्या रिवाजाप्रमाणे त्याच देशात, चालातेनांगो या गावी, आपल्या कामाच्या माणसांमध्ये दफन केलं. डोरोथी आणि जीन यांचे देह अमेरिकेला त्यांच्या आईवडिलांकडे पाठवले.

आता पुढचा भाग ऐका, कारण तो आपल्या फार ओळखीचा आहे.

बाई मारली गेली की पहिला प्रश्न काय येतो? ती तिथे गेलीच कशाला? रात्रीची बाहेर काय करत होती? या चौघींच्या बाबतीतही तेच झालं. अमेरिकेत तेव्हा नवं सरकार सत्तेवर यायचं होतं. संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेच्या राजदूत म्हणून ज्यांचं नाव ठरलं होतं, त्या जीन कर्कपॅट्रिक यांनी असं म्हटलं की या नुसत्या सिस्टर नव्हत्या, राजकारण करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. पुढे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी असंही सुचवलं की त्यांच्या गाडीने नाकं तोडून जाण्याचा प्रयत्न केला असावा. यातलं काहीही खरं ठरलं नाही. पण बोलणाऱ्यांचं बोलून झालं होतं. जीनच्या आईवडिलांना मुलीचा शोक करता करता तिच्या नावावरचा डागही पुसावा लागला.

मदतीचा पैसा अमेरिकेने काही दिवस थांबवला आणि जानेवारीतच पुन्हा सुरू केला. राजदूत व्हाइट यांनी या खुनांवर पांघरूण घालायला नकार दिला, तेव्हा त्यांनाच पदावरून दूर केलं.

पण चारी घरांनी सोडलं नाही. ईटाचा भाऊ विल्यम फोर्ड वकील होता. तो आणि बाकीचे नातेवाईक दारोदार फिरले, कागद मागितले, अमेरिकेच्या संसदेतल्या लोकांना भेटले. चर्चच्या सिस्टरांनी देशभर सभा घेतल्या. शेवटी संसदेने मदतीचा काही भाग खटल्याचा निकाल लागेपर्यंत रोखून धरला, तेव्हा कुठे खटला उभा राहिला. मे १९८४ मध्ये पाच शिपायांना ३० वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांतले काही मुदतीआधी सुटलेसुद्धा.

शिपायांना हुकूम कोणी दिला, हा प्रश्न उरलाच होता. १९९२ मध्ये शांततेचा करार झाला. मग संयुक्त राष्ट्रसंघाने सत्यशोधन आयोग नेमला. त्याचा अहवाल १९९३ मध्ये आला. हा खून आधी ठरवून, वरच्या हुकमाने झाला होता, आणि राष्ट्रीय गार्डचे तेव्हाचे प्रमुख व्हिदेस कासानोव्हा यांच्यासह वरिष्ठांनी तो दडपायला मदत केली, असा निष्कर्ष आयोगाने काढला. हे व्हिदेस कासानोव्हा आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री जनरल गार्सिया दोघेही निवृत्त होऊन अमेरिकेतच, फ्लोरिडात सुखाने राहत होते. चारी घरांनी त्यांच्यावर दावा लावला. २००० साली तो दावा ते हरले. तरी पाठपुरावा थांबला नाही. विल्यम फोर्ड २००८ मध्ये वारला. शेवटी २०१५ मध्ये व्हिदेस कासानोव्हा यांना आणि २०१६ मध्ये गार्सिया यांना अमेरिकेने देशाबाहेर काढलं. खुनाला ३५ वर्षं उलटली होती. हा पुरता न्याय झाला असं आम्ही म्हणणार नाही. पण खोटं ते खोटं होतं, हे सरकारी कागदावर आलं.

आता एक गोष्ट बोलायची राहते, आणि ती बोलल्याशिवाय जीनची गोष्ट पुरी होत नाही. त्या १२ वर्षांच्या युद्धात सुमारे ७५ हजार माणसं मेली. सत्यशोधन आयोगाकडे २२ हजारांहून जास्त तक्रारी आल्या. त्यांतल्या साधारण ८५ टक्के सरकारी दलांविरुद्ध आणि त्यांच्या साथीदारांविरुद्ध होत्या. या ७५ हजारांतली बहुतेक नावं जगाने कधी ऐकली नाहीत. चार अमेरिकन बायका मेल्या म्हणून जगाने मान वळवून पाहिलं. हे बोचतं, आणि ते बोचलंच पाहिजे.

तिथल्या बायकांनी मात्र जगाची वाट पाहिली नव्हती. जीन तिथे पोचण्याच्या दोन वर्षं आधी, १९७७ मध्ये, बेपत्ता मुलांच्या आयांनी आर्चबिशप रोमेरोंच्या आधाराने एक समिती काढली होती. तिचं नाव कोमाद्रेस. बाजार करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाया. त्या तुरुंगांच्या दारात उभ्या राहत, प्रेतं टाकायच्या जागी जाऊन तोंडं ओळखत, कोण सापडलं याची नोंद ठेवत. त्यांच्यावरही छळ झाला. तरी काम चालू राहिलं.

आणि एक रुफिना आमाया. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते या गावात सैन्याने बाया-पोरांसकट शेकडो लोक मारले. रुफिना झुडपात लपून वाचली. तिचा नवरा आणि लेकरं गेली. तिने जे पाहिलं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. सरकारने, अमेरिकेनेही, तिला खोटं ठरवलं. अकरा वर्षांनी, १९९२ मध्ये, जमीन उकरली तेव्हा मुलांची हाडं निघाली. शिकल्या-सवरल्या अधिकाऱ्यांचे अहवाल खोटे ठरले आणि एका खेडुत बाईचा शब्द खरा.

जीन अशा बायांमध्ये जाऊन राहिली होती. तिने त्यांना वाचवलं असं म्हणणं जास्तीचं होईल. काहींना तिने गाडीतून नेलं, काहींना धान्य दिलं, काहींची नावं वहीत लिहिली. मुख्य म्हणजे, जेव्हा सगळे निघून जात होते तेव्हा ती त्यांच्या शेजारी राहिली. भूक लागलेल्याला शिधा देणं, जखमीला गाडीत घेणं, एवढंच तिचं 'राजकारण' होतं. ज्या राज्यात गरिबाच्या बाजूला उभं राहणं हाच गुन्हा धरला जातो, तिथे धान्याची पिशवीही बंदुकीसारखी वाटू लागते.

आपल्या गावात कोणी कोणाला गोळी घालत नाही. पण रेशनच्या मापाविषयी विचारणारी, मारहाण झालेल्या सुनेबरोबर पोलीस ठाण्यात जाणारी, ग्रामसभेत रोजगार हमीचा हिशेब मागणारी बाई घ्या. तिला काय ऐकावं लागतं? ही पुढारी झाली. हिला घरात काम नाही का? हिच्यामागे कोण आहे? शब्द वेगळे असतील, रीत तीच. अशा वेळी त्या बाईला भाषणाची गरज नसते. तिच्या शेजारी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या तर तिचा आवाज कापत नाही.

प्रत्येकीजवळ काही ना काही ढाल असते. कोणाचा नवरा नोकरीला, कोणाचं माहेर गावातच, कोणी सरपंचाच्या भावकीतली, कोणाला लिहिता-वाचता येतं. येत्या बैठकीत, हप्ते गोळा करून झाले की, थोडा वेळ एवढंच बोलू या: आपल्याजवळ कोणती ढाल आहे, आणि गटातल्या कोणत्या बाईवर ती धरायची गरज आहे? वहीत लिहून ठेवा. नावानिशी लिहा.

आर्चबिशप रोमेरो यांना १४ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅथलिक चर्चने संत घोषित केलं. जीन डोनोव्हन, डोरोथी केझल, ईटा फोर्ड आणि मॉरा क्लार्क यांची आठवण एल साल्वादोरमध्ये दर २ डिसेंबरला निघते. जिथे तो खड्डा होता तिथे लोक जमतात आणि चौघींची नावं मोठ्याने घेतात.

आज आपणही ती घेतली. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.